चादर नोंद: एका मशीनवर दोन गिम्प, दोन पायथन

मोराची नक्षी पुढे सरकली आहे. पिसारा झाला, पाय राहिलेत. पण या वेळी मोरापेक्षा लॅपटॉपबद्दलच जास्त लिहितोय, कारण त्यावर गिम्प या चित्रं हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या ठेवल्यात आणि "जुनी आवृत्ती काढून टाक की, कशाला तो गोंधळ?" हा प्रश्न फार वेळा आला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. सोलापुरातल्या अशोक चौकाच्या बाजूच्या एका बंद पडलेल्या माग-कारखान्यातून जुन्या जकार्ड चादरींचे, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागावरच्या चादरींचे, आलेख-कागद मिळाले. ते स्कॅन करून मी गिम्पमध्ये आणतो. कागदावरचा एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. चित्र इंडेक्स्ड मोडमध्ये ठेवायचं, म्हणजे रंग मोजके राहतात आणि प्रत्येक रंगाला एक वीण देता येते. रंगाच्या जागी वीण भरायचं काम एक जुनं प्लगइन, म्हणजे गिम्पला जोडलेला छोटा प्रोग्राम, करतं. सगळं घोडं तिथेच अडतं. ते प्लगइन गिम्प २.१० साठी, पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत, पायथन २ मध्ये लिहिलेलं आहे. गिम्प ३.० आली १६ मार्च २०२५ ला आणि तिने पायथन २ ची जुनी जोडणी पूर्ण काढून टाकली. मी वापरतो त्या उबंटू २४.०४ या लिनक्सच्या सॉफ्टवेअर-भांडारात २.१० आहे, पण पायथन २ तिच्यातही नाही.

मग नवीची गरज काय? फिल्टर. ३.० मध्ये फिल्टर लेयरवर जिवंत राहतो, नंतर कधीही उघडून बदलता येतो. पिवळट पडलेल्या, घडीच्या रेघा उमटलेल्या कागदाचं स्कॅन साफ करताना ही सोय सोडवत नाही.

सध्याची मांडणी अशी आहे. ३.० फ्लॅटपॅकमधून (उबंटूच्या भांडाराबाहेरून अ‍ॅप बसवायची सोय) घेतली. २.१० ची पायथन २ पोटात असलेली अ‍ॅपइमेज एका फोल्डरात ठेवली. अ‍ॅपइमेज म्हणजे एकच फाइल, तिला चालवण्याची परवानगी द्यायची की झालं. मात्र २४.०४ वर डबल-क्लिक करून काहीच घडत नसेल तर फाइल खराब आहे असं समजू नका, अ‍ॅपइमेजला लागणारं लिबफ्यूज२ हे पॅकेज नसतं. तिथे त्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी 'टी६४' लागलंय, म्हणून जुन्या नावाने शोधणाऱ्याला ते लवकर सापडत नाही. फ्लॅटपॅक अपडेटबरोबर आपोआप पुढच्या आवृत्तीवर जातं. ते नको असेल तर 'फ्लॅटपॅक मास्क' देऊन थांबवता येतं. नक्षी अर्ध्यात असताना मी थांबवतोच.

दोघींची भांडणं होत नाहीत, कारण गिम्प आपली सेटिंग्ज आवृत्तीच्या आकड्याच्या फोल्डरात ठेवते, २.१० ची वेगळी, ३.० ची वेगळी. ३.० पहिल्यांदा उघडली की जुन्या सेटिंग्जची नक्कल करून घेते, मूळ फोल्डर तसाच राहतो. भांडण होतं ते फाइलींवरून. जिवंत फिल्टर असलेली एक्ससीएफ (गिम्पची स्वतःच्या प्रकारची फाइल) २.१० उघडायलाच नकार देते. म्हणून ३.० मधून बाहेर पडताना फिल्टर लेयरमध्ये मुरवायचे, चित्र इंडेक्स्ड पीएनजी म्हणून काढायचं आणि तेच जुनीत न्यायचं. एक्ससीएफ फक्त नवीची.

मेनूत दोन्हींचं नाव आणि चिन्ह सारखंच दिसतं. मी डेस्कटॉप फाइलीची (मेनूतली नोंद हिच्यातून येते) नक्कल घरच्या अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरात केली, नाव 'गिम्प जुनी' दिलं आणि चालवायच्या ओळीत अ‍ॅपइमेजचा पत्ता टाकला. जुनीला पांढरी थीम, नवीला काळी. कुठल्या खिडकीत आहोत हे लांबूनही कळतं. गंमत वाटेल, पण एवढ्या सगळ्या उठाठेवीत सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

आता पायथन. पीएनजीवरून जकार्डच्या पत्त्यांची भोकं काढणारी स्क्रिप्ट वेगळी आहे, ती गिम्पबाहेर चालते. तीही पायथन २ ची. मी ती ३ वर आणतोय आणि ताळा करायला जुनी २.७.१८ लागते. ही पायथन २ ची शेवटची आवृत्ती, एप्रिल २०२० ची. दोन्ही पायएनव्हीवर (पायथनच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवणारं साधन) बसवल्या. ते मूळ कोडवरून कंपाइल करतं, तेव्हा सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी जुन्या लॅपटॉपवर हे काम काढू नका, रात्री लावून झोपा.

पायएनव्ही करतं ते साधं आहे. पाथमध्ये, म्हणजे आदेश जिथे शोधले जातात त्या फोल्डरांच्या यादीत, सगळ्यांच्या आधी आपला एक फोल्डर घुसवतं, त्यात पायथन नावाचे छोटे मध्यस्थ असतात. तुम्ही पायथन म्हटलं की मध्यस्थ चालू फोल्डरात, मग त्याच्या वरच्या फोल्डरांत 'पायथन-व्हर्जन' नावाची लपलेली फाइल शोधतो आणि तिच्यातला आकडा वाचून खरा पायथन बोलावतो. माग तोच, पत्त्यांची माळ बदलली. 'जुनं' फोल्डरात गेलो की २.७, 'नवं' मध्ये गेलो की ३, बाहेर आलो की उबंटूचा स्वतःचा.

हा शेवटचा मुद्दा जरा ठासून सांगतो. अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज (एका आदेशामागची आवृत्ती बदलणारं साधन) लावून सिस्टिमचा पायथन३ बदलू नका. आपल्यातल्याच एकाने केलं, तर त्याचं टर्मिनलच उघडेना. उबंटूवर टर्मिनल उघडणारा तुकडा पायथनमध्ये लिहिलेला असतो आणि त्याला लागणारी मॉड्यूल्स सिस्टिमच्याच आवृत्तीसाठी बांधलेली असतात. बिचाऱ्याला कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावरून मागे यावं लागलं.

अल्टरनेटिव्ह्ज वाईट नाही, जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेसाठी उत्तम आहे. जावा हा आदेश आधी ईटीसीतल्या अल्टरनेटिव्ह्ज फोल्डराकडे बोट दाखवतो आणि तिथून खऱ्या जागेकडे, आपण मधलं बोट फिरवतो. फक्त जावा (प्रोग्राम चालवणारा) आणि जावासी (प्रोग्राम कंपाइल करणारा) हे दोन वेगळे गट आहेत हे विसरू नका. जावासी १७ वर आणि जावा ८ वर राहिला, तर '६१ ची क्लास फाइल, मला ५२ पर्यंतच कळतं' अशी तक्रार येते. ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८.

आणखी एक. पाथ बदलूनही जुनंच चालत असेल तर बॅशने (टर्मिनलमध्ये आपले आदेश चालवणारा प्रोग्राम) त्या आदेशाचा आधीचा पत्ता लक्षात ठेवलेला असतो. 'हॅश डॅश आर' दिलं की विसरतो. कुठकुठली पायथन आहेत ते 'टाइप डॅश ए' क्रमाने दाखवतं.

स्क्रिप्टच्या ताळ्यातून काय निघालं ते सांगतो. माझी नक्षी ४८० हुकांची (हूक म्हणजे जकार्डचा धागे उचलणारा आकडा), मोर मध्यावर उलटा करून जोडलेला. जुन्या स्क्रिप्टमध्ये रुंदी भागिले दोन म्हणजे २४०. पायथन ३ मध्ये तेच २४०.० होतं आणि रेंज हे मोजणीचं फंक्शन पूर्णांकच मागतं, ते घेत नाही. ही चूक ओरडून तरी सांगते. दुसरी गप्प होती. काठासाठी रुंदीला सातने भागून, गुणून, शेवटी पूर्णांक केला जातो. पायथन २ अपूर्णांक भागतानाच टाकायचा, ३ शेवटी टाकतो. काठ सरकला आणि एरर काहीच नाही. दोन्ही आवृत्त्यांचे निकाल सीएमपीने (दोन फाइली ताडून बघणारा आदेश) पडताळले तेव्हाच दिसलं. भागाकाराच्या जागी दुहेरी तिरकी रेघ टाकली आणि फाइली तंतोतंत जुळल्या.

शेजारचे मास्तर, ज्यांनी उमेदीत हाताने पत्ते पाडलेत, त्यांना दोन्ही छापे दाखवले होते, दुरुस्तीआधीचे. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ह्यो काठ उसवलाय की ओ." सीएमपीइतकाच वेळ लागला त्यांना.

गिम्पचं प्लगइन ३.० वर नेणं अजून अर्धवट आहे. प्लगइनची नोंद करणारं जुनं रजिस्टर फंक्शन गेलं, आता प्लगइनचा क्लास लिहावा लागतो. शिवाय प्रत्येक प्लगइन स्वतःच्याच नावाच्या फोल्डरात हवं, नाहीतर ३.० त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. लिनक्सवर चालवण्याची परवानगीही हवी. मेनूत दिसायला लागलंय, वीण अजून भरत नाही. ज्यांना जुना-नवा फोल्डर आणि मोराची पीएनजी हवी असेल त्यांनी कळवा, काठाच्या दुरुस्तीसकट पाठवतो.