फाटकातून जाईल एवढी

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

रात्री पावणेतीनला जयसिंगपूरहून परत आले. सिझर होतं. बाळ लगेच रडलं, बाळंतीणही ठीक आहे. येताना अंकलीचा पूल जवळ आला आणि पुढ्यात उसाची डबल ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, त्यात नदीवरचं धुकं. माझ्या गाडीच्या पिवळट उजेडात ती दिसली तेव्हा तीसेक फूट अंतर उरलं होतं. ब्रेक दाबला, मागची बाजू घसरली आणि गाडी तिरकी होऊन थांबली. उजवा पाय घरी पोचेपर्यंत थरथरत होता.

कारखान्यांचे हंगाम सुरू झालेत. आता मार्चपर्यंत रोज रात्री हेच.

एकवीस वर्षं भूल द्यायचं काम करते आहे. सांगली, मिरज, तासगाव, जयसिंगपूर. लहान हॉस्पिटलांना कायमचा भूलतज्ज्ञ ठेवणं परवडत नाही, म्हणून फोन आला की आम्ही बॅग उचलून निघतो. गाडी २०१२ ची, सगळ्यात खालचं मॉडेल. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाही. एप्रिल २०१९ नंतर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं, माझी त्याच्या कितीतरी आधीची.

नवी घ्यायची, हे आज ठरलं. आणि कुठली हवी आहे तेही मला माहीत आहे. पन्नास लाखांच्या आतबाहेरची, छोटी पण आलिशान एसयूव्ही. आठवडाभर मनात आहे, अजून घरात बोलले नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दोन केसच्या मध्ये वाचत बसले. ऑडी क्यू३, बीएमडब्ल्यू एक्स१, मर्सिडीज जीएलए. तिन्ही एका जातीच्या, क्रॉसओव्हर. जीपसारखा खाली लोखंडी सांगाडा आणि त्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी असला प्रकार नाही. सगळा पिंजरा मोटारीसारखा एकसंध, फक्त उंच केलेला. म्हणून वळणावर डोलत नाही आणि बसायची जागा बरोबर कमरेच्या उंचीला येते.

इंजिनाच्या आकड्यांनी मात्र दचकले. जीएलएचं पेट्रोल इंजिन १.३ लिटरचं. एक्स१ चं १.५ लिटर, तेही तीन सिलिंडरचं, ताकद १३६ अश्वशक्ती. टर्बोच्या जोरावर काम भागतं, पण या किमतीला तीन सिलिंडर ऐकायला विचित्र वाटतं खरं. क्यू३ एकटीच दोन लिटरची, १९० च्या आसपास ताकद आणि चारही चाकं ओढणारी. बाकी दोघींच्या पेट्रोल गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. मला चारही चाकांची गरज नाही. माझे सगळे पेशंट डांबरी रस्त्यावर आहेत.

भाऊजींचा फोन आला तेव्हा त्यांच्यापाशी विषय काढला. "वहिनी, एवढ्या पैशात तीन सिलिंडर? त्यापेक्षा आमच्यासारखी फॉर्च्युनर घ्या, गावात वट राहतो," म्हणाले. मला वट नको आहे. मला अंकलीला थांबणारी गाडी हवी आहे.

पण थांबणारी गाडी हवी असेल तर पन्नास लाख कशाला, हा प्रश्न मीच मला विचारला आणि अडकले. क्यू३ ला २०१८ मध्ये आणि एक्स१ ला २०२२ मध्ये युरोपातल्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले, हे मी कौतुकानं वहीत उतरवून घेतलं होतं. पण २०१८ च्याच डिसेंबरात ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत टाटा नेक्सॉननंही पाच तारे मिळवले. ऑक्टोबर २०२३ पासून तर आपली भारत एनकॅपच सुरू झाली, आणि इथल्या कितीतरी गाड्या त्यात पाच तारे घेऊन बसल्यात. दोन्ही चाचण्या एकसारख्या नाहीत, तरी एबीएस, सहा एअरबॅगा आणि भक्कम पिंजरा आज एक तृतीयांश पैशांत मिळतो. सुरक्षितता हेच माझं सगळ्यात मोठं कारण होतं आणि ते एका संध्याकाळीत हातातून गेलं. मग उरलं काय?

रविवार, २३ नोव्हेंबर

शोरूमचा मुलगा सकाळी दहाला क्यू३ घेऊन आला. मीच चालवली. विश्रामबागवरून मिरजेपर्यंत गेले, परत फिरून आष्ट्याच्या बाजूला घातली. पेठ रस्त्यानं आमच्या दोन पिढ्यांच्या कमरा मोडल्या आहेत, तेव्हा परीक्षा तिथेच घ्यायची ठरवलं होतं.

मला भीती टायरांची होती. आलिशान गाडी म्हणजे पातळ टायर, एका खड्ड्यात रिम गेली, असं सगळे सांगतात. टायरवरचा आकडा वाचला, २३५/५५ आर १८. म्हणजे रबराची उभी भिंत २३५ मिलिमीटरच्या ५५ टक्के, १२९ मिलिमीटर. माझ्या जुन्या गाडीचा टायर १६५/८० आर १४, त्याची भिंत १३२. जवळजवळ सारखीच! गाडी खूप जड आहे, त्यामुळे आदळली तर दणका मोठा बसणार, हे धरलं तरी निदान या गाडीला पातळ टायरची म्हणणं खोटं आहे. ज्यांना १९ इंची रिम आणि ५० चा टायर येतो त्यांची गोष्ट वेगळी. हा हिशोब शोरूममध्ये कुणी करून दाखवत नाही, घ्यायच्या आधी ज्यानं त्यानं करावा.

खरी गोष्ट काच वर घेतल्यावर कळली. शांतता. माझं काम ऐकण्याचं आहे. पल्स ऑक्सिमीटरचा सूर जरा खाली उतरला की पेशंटचा ऑक्सिजन कमी होतोय, हे पडद्याकडे न बघता कळावं लागतं. चार-पाच तास कान असे ताणून बाहेर आले की परतीच्या रस्त्यावर जुन्या गाडीची घरघर, वारा, टायरांचा आवाज डोक्यात घुसत राहतो. मी थकते ती थिएटरमध्ये नाही, रस्त्यावर थकते, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. आणि पहाटे तीनला थकलेल्या माणसाला तीस फुटांवरची ट्रॉली दिसत नाही. दिवे पिवळट होतेच, पण त्या रात्री मीही अर्धी पेंगत होते. हे मी घरी सांगितलेलं नाही.

वाड्याशी आलो. फाटकाची रुंदी मी कालच टेपनं मोजली होती, सात फूट दोन इंच. या गाड्या आरशांसकट दोन मीटरच्या वर जातात. आरसे मिटून, तो मुलगा पुढे उभा राहून हात करतोय, असं करत आत घेतली. दोन्ही बाजूंना तळहात जाईल एवढी जागा राहिली. गावभागात नव्या गाड्या बोळाच्या तोंडाशी उभ्या का असतात, ते समजलं.

सासूबाई ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेत. माझ्या गाडीत त्या बसतात म्हणजे खाली पडतात, उतरताना दोघांनी हात द्यावे लागतात. भाऊजींच्या गाडीला पाट ठेवावा लागतो. आज त्या कुणाचा हात न धरता आल्या, पाठमोऱ्या टेकल्या, पाय आत घेतले आणि दार स्वतः ओढलं. "खुर्चीवर बसल्यासारखं वाटतंय गं," म्हणाल्या. मग बराच वेळ उतरल्याच नाहीत.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

पैशांचा हिशोब. थोडक्यात लिहिते, कारण तो फार गोड नाही.

एक्स-शोरूम ४५ लाख धरली तर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ५ लाख ८५ हजार. डिझेलला १५ टक्के, पावणेसात लाख. शिवाय एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणारा आधीच गोळा करतो तो कर, तो आयकरात वळता होतो. २२ सप्टेंबरपासून जीएसटी ४० टक्के झाला, आधी सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत जायचा. म्हणून किमती उतरल्या, एरवी मी हा विचारच केला नसता. विमा कंपनी पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरते. म्हणजे बावीस-तेवीस लाख पाच वर्षांत हवेत जाणार. व्यवसायाच्या खर्चात वर्षाला १५ टक्के घसारा दाखवता येतो, पण त्यानं गेलेला पैसा परत येत नाही, फक्त कर थोडा हलका होतो.

एवढ्या पैशात लेकीच्या एमडीच्या दोन वर्षांची फी निघाली असती. ती सोय आम्ही आधीच करून ठेवली आहे म्हणूनच हे लिहायची हिंमत होते. नसती तर वही इथेच मिटली असती.

बुधवार, ३ डिसेंबर

जुनी गाडी सर्व्हिसिंगला मेस्त्रींकडे टाकली. तेरा वर्षं त्यांनीच सांभाळली आहे. त्यांना सगळं सांगितलं. ते हात पुसत म्हणाले, "मॅडम, गाडी भारीच हाय. पण रात्री दोनला बंद पडली तर मला बोलवून उपयोग नाही. बॉनेट उघडीन, पण त्यांचा स्कॅनर लावल्याशिवाय काय बिघडलंय ते मलाबी कळणार नाही." हे मला सगळ्यात जास्त लागलं. माझी गाडी आजवर तीनदा रात्री बंद पडली आणि तिन्ही वेळा मेस्त्री स्कूटरवरून आले. नवी बंद पडली तर ट्रेलरवर चढून जाणार आणि मी दुसऱ्या दिवशी रिक्षानं थिएटरला.

डिझेलचा मोह मात्र त्यांनीच घालवला. माझ्या बहुतेक फेऱ्या चार ते आठ किलोमीटरच्या. आताच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी सलग वेगानं पळून धूर तापावा लागतो. सांगली ते मिरज एवढ्यात तो तापत नाही, जाळी भरते. महिन्यातून एकदा पुण्याला जाणाऱ्या माणसानं वर्षभर त्याची काळजी का करावी? पेट्रोलच.

स्टेपनीचंही विचारून घेतलं. काही आलिशान गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात, हवा गेली तरी ताशी ८० च्या आत ऐंशी किलोमीटर जाता येतं. काहींत नुसती बारीक स्टेपनी. एकट्या बाईला तासगाव रोडला रात्री दोन वाजता जॅक लावावा लागू नये, यासाठी मी रन-फ्लॅटचे जास्तीचे पैसे आनंदानं देईन. पण तो टायर सांगलीत लगेच मिळेल का, हे घेण्याआधी पक्कं करायचं.

रविवार, ७ डिसेंबर

आज नदीवर जाऊन आले. हा मुद्दा मी शेवटपर्यंत टाळत होते.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या वाड्याच्या भिंतीवर त्याची रेघ अजून आहे, माझ्या खांद्याच्या वर. माझी गाडी तेव्हा वाचली, कारण यांनी दोन दिवस आधीच विश्रामबागेत वन्संच्या दारात नेऊन लावली होती. शेजाऱ्यांची बुडाली. पाणी उतरल्यावर त्यांनी घाईनं चावी फिरवली, सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, इंजिनाचे रॉड वाकले. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात पुराचं नुकसान बसतं, पण चावी फिरवून झालेलं इंजिनाचं नुकसान बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

नव्या गाड्यांचे कितीतरी इलेक्ट्रॉनिक भाग गालिच्याखाली, सीटखाली असतात. गुडघाभर पाणीसुद्धा त्यांना पुरे. इलेक्ट्रिक गाडीचा विचारही यातच संपला. चार्जर लावायचा तर तळमजल्यावरच, आणि ती रेघ रोज समोर.

म्हणून आज आधी वन्संकडे गेले. जून ते सप्टेंबर त्यांच्या अंगणात गाडी ठेवायची आणि मी स्कूटरनं तिथवर जायचं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, विचारतेस काय? फक्त चावी इथे ठेव, पाऊस वाढला तर ह्यांना अजून वर काढता येईल." पुरासाठी इंजिन प्रोटेक्शन घ्यायचं, आणि सुरुवातीच्या वर्षांसाठी रिटर्न टू इन्व्हॉइसही, म्हणजे गाडी पुरती गेली तर बिलाएवढी रक्कम मिळते.

संध्याकाळी जेवताना मी घरात सगळं सांगितलं. टॅक्स, घसारा, मेस्त्रींचं बोलणं, आणि त्या रात्री मी पेंगत होते तेही. हे ताटाकडे बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "एकवीस वर्षं तू रात्री उठून गेलीस. मी आतून कडी लावायची आणि परत निजायची. तू कशी येतेस हे एकदा तरी विचारायला हवं होतं मी." मग म्हणाल्या, "घे. पेट्रोलची घे. आणि तुझ्याच नावावर घे."

क्यू३, पेट्रोल. डिसेंबरची सूट सोडून द्यायची आणि जानेवारीत घ्यायची, कागदावर २०२६ लागेल. पाच-सहा वर्षांनी विकताना त्या एका आकड्यानं फरक पडतो. तोवर जुन्या गाडीचे पुढचे दिवे मेस्त्री बदलून देणार आहेत, आणि रात्री दोननंतर तासगाव-जयसिंगपूरचा फोन आला तर हे सोबत येणार आहेत.

फाटकाचा डावा खांब सहा इंच मागे घ्यायला उद्या गवंडी येतोय.