आमची वाटचाल : ट्रकच्या ताडपत्रीपासून होडीच्या कव्हरपर्यंत

होडी ट्रेलरवर चढवून रस्त्याने न्यायची तर कव्हर घालायचं की काढायचं, हे मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. उत्तर देतो, पण याच प्रश्नापायी आमच्या दुकानाला कुलूप लागायची वेळ आली होती, म्हणून आधी ते सांगतो.

वडील कणकवलीत हायवेला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. दाभण, मेण लावलेली सुतळी, आयलेटचा, म्हणजे कापडाच्या भोकात बसवायच्या धातूच्या कड्यांचा, पंच आणि फणसाचा ठोकळा एवढंच सामान. तो ठोकळा अजून माझ्याकडे आहे, मधोमध खड्डा पडलाय, पण त्याच्यावर आयलेट जसं बसतं तसं लोखंडावर बसत नाही, लोखंडावर त्याची कड फाटते. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ येऊन गेलं, मग मालवण-देवबागचे लोक होड्या झाकायला कापड मागत यायला लागले, आणि पुढे तारकर्लीला वॉटर स्पोर्ट्स वाढलं तशा फायबरच्या स्पीडबोटी आल्या. मी आणि माझा मामेभाऊ, दोघांनी पतसंस्थेचं कर्ज काढून जाड कापडाची मशीन घेतली आणि याच धंद्यात उतरलो. मधली पाच-सहा वर्षं चांगली गेली.

मग ती मे महिन्यातली गोष्ट. देवबागची एक 18 फुटी बोट अलिबागकडच्या माणसाने विकत घेतली. तिच्यावर आमचं कव्हर होतं, पण ते पावसाळ्यात बोट उभी ठेवायचं कव्हर, खालून नुसती दोरी ओवलेलं. मी त्यांना तोंडी सांगितलं होतं की हे रस्त्यावर घालू नका, काढून घडी करून गाडीत टाका. त्यांनी तसंच घालून नेलं, 80 च्या वर स्पीड असणार. लांज्याच्या आसपास पुढची आयलेटं उपटली, आत वारा शिरून कापडाचा फुगा झाला आणि हातखंब्याला चहाला थांबेपर्यंत ते फडफडत राहिलं. विंडशील्डचा कोपरा तुटला, दोन्ही बाजूचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, हातभर घासून पांढरा. हायवेचं काम तेव्हा चालूच होतं, रस्त्याची सगळी धूळ कापडाखाली, म्हणजे पॉलिश पेपरने घासल्यासारखंच ना ते.

विंडशील्डचे पैसे मी भरले. चूक माझी नव्हती तरी भरले, आणि आज वाटतं भरायला नको होते, कारण भरले म्हणजे चूक कबूल केली असंच लोकांनी धरलं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मालवणपासून अलिबागपर्यंत फिरला. आमच्याच भागातल्या दुसऱ्या एका दुकानदाराने तो आमच्या नावासकट पुढे पाठवला, आणि स्वतः सांगायला लागला की रस्त्यावर कव्हर नकोच, माझ्याकडून स्वस्तातलं घ्या आणि घरी पोचल्यावर घाला. हा माणूस आमच्याच दुकानात येऊन आमचं पॅटर्न बघून गेलेला. नऊ ऑर्डरींपैकी सात गेल्या. पिग्मीवाला रोज दुपारी यायचा, आठ महिने त्याला रिकाम्या हाताने पाठवला. मामेभाऊ गोव्याला नोकरीला गेला. त्याच्यावर राग नाही, त्याला दोन मुलं होती.

त्या वेळी देवबागचे आमचे एक काका आले, गाबीत म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले, पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक. म्हणाले, "माका रस्त्याचा कव्हर शिवून दी. माझी होडी गणपतीपुळ्याक नेतंय, तू पाठसून गाडयेत बस आणि बघ." स्वतःची नवी बोट त्यांनी माझ्या शिवणीवर सोडली हो!

मी मागच्या गाडीत बसून पूर्ण रस्ता त्या कव्हराकडे बघत होतो. पहिल्या 20 किलोमीटरलाच पट्टे सैल झाले, कापड अंगावर बसलं की होतातच, तिथे थांबून परत ओढले आणि मग शेवटपर्यंत हललं नाही. जे शिकलो ते त्या एका दिवसात शिकलो. वेग 40 चा 80 झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणून आधी नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आवळायची, पुढून वारा शिरला की खेळ खल्लास. जोड कौलांसारखे, पुढचं कापड मागच्यावर चढलेलं, म्हणजे वाऱ्याला शिवणीत तोंड घालता येत नाही. विंडशील्डच्या कोपऱ्यावर डबल ठिगळ आणि आतून मऊ कापड. पट्टे पॉलिस्टरचे, नायलॉन भिजलं की ताणतं. आणि हे पट्टे कव्हराचे, बोट ट्रेलरला बांधायचे खटक्याने आवळायचे रॅचेट पट्टे वेगळे, एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका.

तर उत्तर असं. रस्त्यासाठी मापाने शिवलेलं, अंगाला घट्ट बसणारं कव्हर असेल तर घाला, लांबच्या प्रवासाला घालाच, नाहीतर गाद्या आणि लाइफ जॅकेट हायवेवर उडतात आणि डंपरची खडी थेट विंडशील्डवर येते. उभ्या बोटीचं कव्हर असेल तर काढा. सैल कव्हरापेक्षा उघडी बोट परवडली. देवबागहून मालवणात आणायची असेल तर मीसुद्धा उघडीच आणा म्हणतो. वाटेत रात्री मुक्काम असेल तर कव्हरात खळगा राहिलाय का बघा, मीटरभर लांबरुंद खळग्यात वळवाचं पाणी 20 सेंटीमीटर साचलं तरी 200 किलो होतं आणि सगळं शिवणीवर येतं. बोटीच्या तळाचं, पाणी जायचं बूच उघडं ठेवा. लग्नाच्या मांडवाचं कापड बोटीवर घालणारेही बघितलेत, तसं करू नका.

त्या दुकानदाराचं म्हणणं अजून लोक मला ऐकवतात, "ते तर नको म्हणतात." त्यांनी रस्त्याचं कव्हर कधी शिवलेलंच नाही. मी आता प्रत्येक कव्हरावर आतून लाल धाग्याने शिवून देतो, 'रस्ता' नाहीतर 'उभी', तोंडी सांगणं बंद.

काकांचं ते पहिलं कव्हर यंदा परत आलं होतं, पट्टे बदलायला. कोपऱ्यावरचं ठिगळ तिसऱ्यांदा बदललं, खालचं कापड तेच आहे.