कोयनेच्या खोऱ्यातील कातळाच्या पायऱ्या

जानेवारीतल्या एका सकाळी वासोटा किल्ल्यावर जाण्यासाठी बामणोलीहून लाँचने निघालो, तेव्हा कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर दाट धुके होते. ते विरल्यावर दोन्ही काठांचे डोंगर उघडे झाले. काळ्या कातळाची भिंत, तिच्यावर झाडीने झाकलेला उतार, पुन्हा भिंत आणि पुन्हा उतार, अशा पायऱ्या या साऱ्या खोऱ्यात दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून आलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराचा घट्ट गाभा कडा होऊन टिकला, तर वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला वरचा भाग झिजून उतार झाला. महाबळेश्वरी उगम पावून दक्षिणेला वाहणारी कोयना हे थर कापत गेली.

पलीकडच्या काठावर उतरल्यावर वन विभागाकडे नोंद करून चढाई सुरू केली. हे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि मुक्कामाला इथे परवानगी नाही, हे मला मनापासून योग्य वाटते. वाटेत कातळाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक चमकत होते. बुडबुड्यांच्या रिकाम्या जागी पुढे पाझरत्या पाण्यातून ते हळूहळू साकळले आहेत.

माथ्यावरून बाबू कड्याची अर्धवर्तुळाकार भिंत समोर आली आणि कितीतरी वेळ मी तिचे थर मोजत बसलो. डोळ्यांना दिसते ते मात्र थोडेच; ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा हाच काळा कातळ, ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइट लागला.

या जिन्याच्या सर्वांत खालच्या पायऱ्या, म्हणजे नदीकाठची सपाट, सुपीक जमीन, आता दिसत नाही. काळा कातळ झिजून झालेल्या मातीत तिथे भाताची खाचरे होती. धरण झाल्यावर ती बुडाली, आणि काही गावे वर सरकली, तर काही दूर गेली. परतताना लाँच मध्यावर आली, तेव्हा नावाड्याने वेग कमी केला आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आमच्या आज्याचं शेत हितं खाली हाय."