पूर्व भागातल्या घरांत

पुण्याहून संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडली आणि रात्री दहाच्या सुमाराला सोलापूरला उतरलो. समाजशास्त्राचे आम्ही चौदा विद्यार्थी आणि सोबत मॅडम. बाहेरून आलेली माणसं शहराच्या वस्त्या कशा घडवतात, हा आमचा विषय. मी बार्शीची, त्यामुळे सोलापूर मला नवं नव्हतं. पण माझं सोलापूर म्हणजे एसटी स्टँड, सिद्धेश्वराचं देऊळ आणि दवाखाने. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या पूर्व भागात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

सकाळी आधी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेलो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. मॅडमनी नावं मोठ्यानं वाचायला लावली. ती ऐकतानाच लक्षात येतं की हे शहर एका भाषेचं, एका जातीचं कधीच नव्हतं. गाडीचं नाव हुतात्मा का, हेही मला तिथंच उमगलं.

मग रिक्षानं पूर्व भाग. दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या शेजारी गोल वळणाची तेलुगू अक्षरं दिसायला लागली आणि गल्लीत शिरल्याबरोबर मागांची खडखड कानावर आली. इथले बहुतेक विणकर पद्मशाली या तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाचे. निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातल्या करीमनगर, वरंगळ, नलगोंडा भागांतून त्यांचे पूर्वज आले. तिकडे दुष्काळ पडत होते, गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकेना. इकडे १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या. हातात विणकामाची कला होती, तिच्या आधारावर माणसं घरदार घेऊन आली. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण माग घराघरांत आणि छोट्या शेडमध्ये चालू राहिले.

एका शेडमध्ये साठी ओलांडलेले काका जॅकार्डच्या मागावर चादर विणत होते. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ सरकत होती, तसतसा खाली मोर उमटत होता. आमच्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ माझ्या मैत्रिणीनं तो विचारला. काकांनी माग बंद केला, आमच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, ‘‘सोलापूरचाच की. माझे आजोबा तिकडचे.’’ मला फार ओशाळल्यासारखं झालं. आमच्या बार्शीच्या घरी लहानपणापासून मी जी चादर पांघरून झोपले, तिच्या कडेला सोलापूर हे नाव विणलेलं आहे. ते विणणाऱ्यालाच आम्ही त्याचं गाव विचारत होतो.

सगळ्यात जास्त वेळ मी रमले ती एका अक्कांच्या उंबऱ्यावर. या भागात पुरुष मागावर आणि बायका बिडीवर, हे घरोघरचं चित्र. अक्कांच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, तोंड दुमडायचं आणि दोरा गुंडाळायचा. बोलताना त्यांची नजर हातांवर नव्हतीच. आमच्याशी मराठी, नातवाला रागावताना तेलुगू, आणि दारावर आलेल्या भाजीवालीशी दखनी. बिड्या मोजायला लागल्या मात्र ओठ पुन्हा तेलुगूत हलले, ‘ओकटी, रेंडू, मूडू…’ मोजदादीची भाषा माणूस सहजासहजी सोडत नाही, असं मला वाटतं.

पैसे हजार बिड्यांमागे मिळतात. त्यांच्या कारखान्यातला तपासणारा मुठीनं बिड्या बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत. पान खराब कारखान्यानं द्यायचं आणि कापून जायचं माझ्या मजुरीतून, हे सांगताना अक्कांचा आवाज चढला. तो चढायलाच हवा. पाठ आणि मान दिवसभर वाकलेली असते त्यांची. याच बायकांच्या लढ्यातून शहराजवळच्या कुंभारी गावी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. कामगार नेते नरसय्या आडम यांचं नाव तिथं प्रत्येक घरात निघतं. दुपारी आम्ही तिथंही गेलो, पण ऊन वाढलं होतं आणि सगळ्या बायका कामात होत्या, म्हणून लवकर निघालो.

संध्याकाळी मार्कंडेय मंदिरात टेकलो. पद्मशाली मार्कंडेय ऋषींना आपला मूळपुरुष मानतात. नारळी पौर्णिमेला इथून रथ निघतो. आम्ही गेलो तेव्हा शहरात संक्रांतीची, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली होती, तिथं कानावर कन्नड पडत होतं. पाळण्यात बसायला मात्र सगळे एकाच रांगेत.

रात्री मुक्कामी आम्ही प्रश्नावली पुन्हा लिहायला घेतली. पहिला प्रश्न खोडला. त्याजागी लिहिलं, ‘तुमच्या घरात कोणकोणतं काम चालतं आणि ते तुम्हाला कुणी शिकवलं?’ वाद बराच झाला, पण मॅडम आमच्या बाजूनं होत्या.

निघताना अक्कांनी संक्रांतीच्या उरलेल्या सकिनालू कागदात बांधून दिल्या होत्या. तांदळाच्या पिठाच्या, तिळाच्या, गोल गोल वळलेल्या. ‘‘श्रावणात रथाला ये, तेव्हा करायला शिकवते,’’ म्हणाल्या. मी येते म्हणाले आहे.