चारच गोळ्या

मान डोलावणाऱ्या गिऱ्हाइकाचा मी हल्ली धसकाच घेतलाय.

त्या सोमवारी संध्याकाळी एक गृहस्थ आईची आमवाताची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये आले. कानात इअरबड, तोंडाने कुठल्याशा फ्लॅटचा सौदा. चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, तेही एकदाच, पण दुसऱ्या वारी. वार मात्र डॉक्टर लिहीत नाहीत, ते आमच्यावर.

दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या. म्हणून त्या एका पाकिटात घालायच्या नाहीत. शिवाय मेथोट्रेक्सेटच्या महिन्याच्या ४ गोळ्या मोजून, स्ट्रिप कापून देतो. "पूर्ण स्ट्रिप द्या की!" हे गृहस्थही चिडले. ऐकलं नाही. हे औषध रोज पोटात गेलं तर तोंड सोलवटतं, मग रक्तातल्या पेशी उतरतात. या एका चुकीने माणसं दगावली आहेत.

"दादा, फक्त सोमवारी. रोज नाही."

"हो हो, चालेल."

क्यूआर स्कॅन झाला, स्पीकर बोलला, पिशवी गेली.

शुक्रवारी सकाळी परत हजर. "त्या गोळ्या संपल्या. आणि तोंड आल्यावर लावायचं जेल द्या, आईला घास जात नाही."

जेल दिलं नाही, डॉक्टरांना फोन लावला. दुपारी आजी दाखल. रक्त, किडनी तपासून फॉलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शनं. फॉलिक नव्हे, फॉलिनिक: मेथोट्रेक्सेट शरीरातली फॉलिकची जी वाट अडवतं, तिच्या पलीकडून ते शिरतं. निभावलं.

पाकिटावर मी 'सोमवारी' लिहिलं होतं, त्यांनी वाचलं 'सोमवारपासून'. आणि ते "हो हो" मला होतं की फ्लॅटवाल्याला, हे अजून कळलेलं नाही.

आता स्ट्रिपवरच मार्करने लिहितो, 'आठवड्यात १'. काउंटरचा क्रमही उलटा केलाय. पैसे भरायला फोन हातात आला की माणूस गेलाच, म्हणून आधी बोलणं, मग "आता तुम्ही सांगा, कधी द्यायची?" उत्तर आल्यावर बिल. रांग कुरकुरते, कुरकुरू दे.

पुढच्या महिन्यात तेच गृहस्थ आले, बोलतच. मी पिशवी काउंटरखाली धरून ठेवली. त्यांनी बघितलं, हसले, आणि कानातला इअरबड काढला. एकच.