घागरीतले पेपर

गुरुवार, पहाटे

सासूबाईंकडे स्वप्नांचे अर्थ तयार असतात. दात पडला की घरातलं कुणीतरी जाणार. लग्न दिसलं तर वाईट, जितं माणूस मेलेलं दिसलं तर उलट त्याचं आयुष्य वाढलं. आज मी पाण्याचं सांगितलं, तर लगेच, ‘‘पाणी बघितलीस न्हवं? मग पैसा येतंय बघ!’’

पण बेळगावात पाणी म्हणजे आधी पाणीच. राकसकोप धरणाचं पाणी आज सुटणार की उद्या, यावर आमच्या वडगावातल्या घराचं अर्धं वेळापत्रक चालतं. स्वप्नात नळाला धो धो पाणी होतं, घागर मात्र न तपासलेल्या पेपरांनी गच्च भरलेली. पेपर काढते तेवढे पुन्हा आत. आणि व्हॉल्व्ह सोडणाऱ्याशी मी अस्खलित कन्नडात भांडत होते! जागेपणी माझं कन्नड भाजी मंडईपुरतं.

दोन-तीन काळज्या एकाच चित्रात कोंबणं ही स्वप्नाची खोडच, असं मनोविश्लेषक फ्रॉइड म्हणतो. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक आलं १८९९ च्या नोव्हेंबरात, छापलंय मात्र १९००. लैंगिक प्रतीकांची त्याची यादी मला पटत नाही. पद्धत पटते: स्वप्नाचे तुकडे करायचे आणि एकेका तुकड्यावरून स्वप्न पाहणाऱ्यालाच काय आठवतं ते विचारायचं. चरकसंहितेत तर स्वप्नांचे सात प्रकार आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवं असलेलं, कल्पिलेलं, हे पहिले पाच निष्फळ. म्हणजे मनी वसे ते स्वप्नी दिसे, त्यात भविष्य शोधू नका. माझं स्वप्न या पाचांतच बसतं, तेव्हा पैशाची आशा सोडली.

नळ आणि पेपर लगेच उलगडले. भांडणापाशी अडले. मग आठवलं, गेल्या आठवड्यात एका कचेरीत दाखल्यासाठी गेले होते. खिडकीमागच्या माणसानं कन्नडात काहीतरी झापलं, मागच्या रांगेत कुणी हसलं, आणि मी ‘आयतु, आयतु’ (बरं, बरं) म्हणत कागद गोळा करून बाहेर पडले. घरी कुणाला बोलले नाही. तिथं न बोललेलं सगळं मी त्या बिचाऱ्या पाणीवाल्यावर काढलं होतं.

सोमवारी परत जायचंय. शेजारच्या काकू कन्नडात अर्ज छान लिहितात. दुपारी पेपर बाजूला ठेवून त्यांच्याकडे जाईन, आणि खिडकीपाशी बोलायची चार वाक्यंही घोकून घेईन.