पळसाची चोच निघाली, पानं मात्र गेली

वाचनालयाच्या खिडकीसाठी रंगीत काचेची पळसाच्या फुलांची पॅनल करतोय. त्यातल्या मधल्या पॅनलमधलं चार नंबरचं फूल, ज्याची चोच दर वेळी मोडत होती, ते आज दुपारी अख्खं निघालं. मागचे अपडेट वाचलेल्यांना या वाक्याची किंमत कळेल.

बाकीचं आधी उरकतो. डावं पॅनल पुटी भरून तयार आहे. लेड केममध्ये, म्हणजे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या खोबणीदार पट्टीत, काच जराही खुळखुळत नाही, बोटाने वाजवलं तर भरीव आवाज येतो. पुटी म्हणजे खडूची पावडर, जवसाचं तेल, रंगापुरती काजळी, आणि शेवटी भुसा टाकून ब्रश. आमच्याकडे घाण्याचं जवस तेल सहज मिळतं म्हणून ते वापरायचा मोह कोणालाही होईल, पण कच्चं तेल सुकायला फार वेळ घेतं. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्डच घ्या.

आता चोच. पळसाच्या फुलाचा खालचा भाग पोपटाच्या चोचीसारखा वळलेला असतो, आणि त्या वळणाची आतली बाजू खोल. काचेला असलं वळण आवडतच नाही. कटरची रेघ कितीही स्वच्छ पडली तरी भेग निम्म्या वाटेत रेघ सोडते आणि जवळची कड गाठते. त्यात ही केशरी-लाल काच, म्हणजे कॅडमियम-सेलेनियमवाली. निळी-हिरवी मुकाट्याने तुटते, ही मात्र नखरे करते. शिवाय सगळ्यात महाग हीच. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडून मागवली त्याने एकाच ऑर्डरमध्ये दोन वेगळ्या छटा पाठवल्या आणि वर "उजेडात सारखंच दिसतं" असं ऐकवलं. उजेडातच तर दिसत नाही!

कापायची पद्धत मागच्या अपडेटवर तुम्ही वाचकांनी सांगितली तीच ठेवली होती. गुळगुळीत बाजूवर रेघ, आणि सगळ्यात अवघड वळण सर्वांत आधी, भोवती भरपूर काच असतानाच. मग खालून हलकं ठोकून भेग रेघेभर पळवायची, पण तुकडा काढायचा नाही. त्याच्या बाहेर उथळ रेघांच्या चंद्रकोरी मारायच्या आणि ग्रोझरने (काचेची कड कुरतडायच्या पकडीने) कडेकडून एकेक काढत आत यायचं. टोयोचा पिस्तुल ग्रिपचा कटर यासाठी सोन्यासारखा आहे, मनगट दुखत नाही आणि दाब एकसारखा राहतो. असं करून चोच सुटायची, आणि ग्राइंडरवर नेली की मानेपाशी टचकन मोडायची. पाणी वाढवलं, नवा बिट लावला, तरी तेच. रिंग सॉ, म्हणजे कुठलंही वळण कापणारी गोल पात्याची विजेची करवत, घ्यावा असं वाटायला लागलं होतं. किंमत बघितली आणि गप्प बसलो.

तोडगा निघाला तो वाचनालयातच. रोज पेपर वाचायला येणारे, शाळेत जीवशास्त्र शिकवलेले एक सर आहेत. त्यांनी माझं कार्टून, म्हणजे पॅनलचं पूर्ण मापाचं रेखाटन, पाहिलं, बाहेर जाऊन खाली पडलेलं फूल आणलं आणि टेबलावर ठेवून नखाने उकललं. "हे एका तुकड्याचं नसतं हो. वरचा ध्वज वेगळा, बाजूचे दोन पंख वेगळे, खालचं नौतल, म्हणजे ही चोच, वेगळं. तुम्ही सगळं एकच काढलंय."

निसर्गानेच जिथे सांधा दिलाय तिथे मी अख्खी काच वळवत बसलो होतो! चोचीवर पंखाची पाकळी आडवी घातली की आतलं खोल वळण दोन तुकड्यांत वाटलं जातं आणि दोन्ही उथळ होतात. फुलाचे तुकडे जोडणाऱ्या तांब्याच्या फॉइलची रेघ उपरी वाटत नाही, पाकळीची कडच वाटते. वरून फायदा असा की त्या दोन छटा आता कामाला आल्या. ध्वजाला फिकी, नौतलाला गडद. व्यापाऱ्याला हे कळवणार नाही.

सर तिथेच थांबले असते तर बरं होतं. "आणि फुलं एवढी भरात असताना पानं कुठली? तेव्हा झाड जवळजवळ बोडकं असतं." पळसाला पाने तीनच म्हणून मी हौसेने तीन-तीन पानांचे झुबके काढले होते, हिरवी काच कापूनही झाली होती. पण बरोबर ते आहेत, आणि ही खिडकी रोज बघणारे बहुतेक लोक पळस बघतच मोठे झालेत. पानं बाद. हिरवी काच उजव्या पॅनलच्या किनारीला जाईल.

आता वरच्या कोपऱ्यात मोठी रिकामी जागा राहते. नुसती सीडी (बारीक बुडबुड्यांची पारदर्शक) काच लावली तर पश्चिमेचं ऊन थेट वाचणाऱ्यांच्या डोळ्यांवर येणार. फांदी लांबवावी असा विचार होता, पण ती केमची रेघ कडेपासून कडेपर्यंत सरळ गेली की पॅनल तिथे बिजागरीसारखं दुमडायला बघणार, आणि आमच्या मे महिन्यात शिसं नुसत्या उन्हानेही मऊ वागतं. सॅडल बार, म्हणजे पॅनलला आधार देणारी आडवी सळई, तसाही टाकणारच आहे, तरी मुद्दाम धोका का घ्या.

हे लिहितानाच सुचतंय : भोरडी. पळस मैनाच म्हणतात तिला, मध प्यायला या फुलांवर येतेच. डोकं, पंख, शेपटी काळी, अंग गुलाबी. काळा भाग दाट काचेचा केला की ऊनही अडतं आणि फांदी तिच्या पायाशी संपवता येते, म्हणजे सरळ रेघही मोडली. मान जरा वर करून काढली तर खोल वळणही येणार नाही. आज रात्रीच काढून बघतो.

अडचण गुलाबीची. चांगल्या गुलाबी काचेत खरोखर सोनं असतं, आणि वर्गणीच्या वहीत तेवढं उरलेलं नाही. पाठीला तळहाताएवढा तुकडा पुरेल. कोणाच्या भंगाराच्या डब्यात गोल्ड पिंक पडून असेल तर कळवा, बदल्यात हिरवी देतो, हवी तेवढी.